पापड वाळेपर्यंत

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मे महिना उजाडतो तो एका सूचनेनं. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गच्चीवर कोणत्याही प्रकारचे वाळवण घालू नये, वॉटरप्रूफिंग खराब होते.’ खाली हेच हिंदीत, त्याखाली इंग्रजीत. तिन्ही भाषांत वाचून झालं की शेजारच्या कदमकाकू खिडकीच्या ग्रिलमध्ये कुरडया वाळत घालतात आणि सेक्रेटरीची बायको त्यांच्याकडूनच त्या वर्षभराच्या घेते. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या पालेगावात हे टॉवर उभे राहण्याआधी इथे भाताची खाचरं होती म्हणतात. टॉवरच्या मागे जुनं गाव अजून आहे. तिथल्या बायका अंगणात मिरच्या पसरून बसतात. त्यांना कुणी सूचना पाठवत नाही, कारण त्या ग्रुपवर नाहीत.

ती सूचना आली की मला मिऱ्यांचा वास येतो. खरंच येतो, उगीच म्हणत नाही. उडदाचं पीठ, हिंग, जाडसर कुटलेले काळे मिरे आणि त्यावरून वाहत आलेली दुपारची झळ, असा तो वास आहे. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या एका गच्चीवर मी तो अख्खा उन्हाळा हुंगला. ती गच्ची आता नाही, तिच्या खालची बिल्डिंगही नाही. मे सरता सरता त्या गच्चीवरच्या बायकांच्या हातचं पापडाचं एक पुडकं मात्र दर वर्षी माझ्या घरी येतं. यंदा त्याला उशीर झाला होता.

माझा धंदा प्रश्न विचारण्याचा. सरकारी गोष्ट लोकांना कशी कळते, कुठल्या भाषेत कळते, कुणाच्या तोंडून कळते आणि कळूनही ते काहीच का करत नाहीत, याचा अभ्यास करायचा. शास्त्र आहे म्हणे ते. माझ्या आईला अजून पटलेलं नाही. ‘लोकांच्या घरी जाऊन नसत्या चौकश्या करते आणि त्याचा हिला पगार मिळतो,’ असं ती नातेवाइकांना सांगते, वर कौतुकानं हसते.

या धंद्याला मला सुमेधा मॅडमनी लावलं. त्या मुंबईत समाजशास्त्र शिकवायच्या आणि राहायच्या आमच्या अंबरनाथला, पश्चिमेकडे. मी त्यांची विद्यार्थिनी. परदेशातल्या वस्त्यांवरचे प्रबंध वाचून त्या कंटाळल्या होत्या. ‘अगं, आपल्यापासून दोन स्टेशनांवर एवढा मसाला पडलाय आणि आपण दुसऱ्यांचं उष्टं काय वाचतोय?’ असं म्हणून त्यांनी उल्हासनगरचं काम घेतलं. महापालिकेची माहिती तिथल्या लोकांपर्यंत पोचते की नाही, आणि पोचत असेल तर कोणत्या वाटेनं, हा आमचा विषय. मी घरोघरी जायचं, विचारायचं, आणि उत्तरांवरून माणसांचा एक नकाशा काढायचा. प्रत्येक माणूस म्हणजे एक गोल. बातमी ज्याच्याकडून ज्याच्याकडे गेली तिकडे एक बाण.

आम्ही जी बिल्डिंग धरली होती, तिच्या एका जिन्यावर चार भाषा नांदत होत्या. तळमजल्यावर चेनी आणि बटणांचं दुकान. पहिल्या मजल्यावर शोभाताई, नवरा आनंदनगरच्या कारखान्यात पाळीवर, एक मुलगी. सगळ्यात वर लाजवंती मासी, वय सत्तरीच्या पुढे. मासी सिंधी वाचायच्या उजवीकडून डावीकडे, त्यांचा मुलगा हिंदी वाचायचा, नात फक्त इंग्रजी, आणि शोभाताई मराठी. जिन्यात मात्र सगळे एकच भाषा बोलत. तिचं नाव कुठल्याही जनगणनेत सापडायचं नाही.

गेटवर पालिकेची नोटीस होती. ‘सदर इमारत अतिधोकादायक असल्याने भोगवटादारांनी ती तात्काळ रिक्त करावी’, अशी सुरुवात आणि पुढे कलमं. मासीला ती वाचता येत नव्हती. शोभाताईंना येत होती, पण त्या म्हणाल्या, ‘मी दोनदा वाचली. मला वाटलं बिल्डिंगला काहीतरी बक्षीस लागलंय.’ आणि मग हसून, ‘अगं, दर मेमध्ये चिकटते ती. हापूस येतो, नोटीस येते. हापूस संपतो, नोटीस पावसात गळून जाते.’

माझा ठरलेला प्रश्न होता: ‘ही बातमी तुम्हाला पहिल्यांदा कुणाकडून कळली?’ पाणी बंद राहणार असल्याची, रेशन कार्डाच्या शिबिराची, शाळेच्या ॲडमिशनची, लसीची, कशाचीही. पहिले काही दिवस उत्तरं इकडची तिकडची आली. मग एकच उत्तर यायला लागलं. ‘गच्चीवर कळलं.’ गच्चीवर कुणाकडून? ‘मासीकडून.’ आजूबाजूच्या चार बिल्डिंगांत शिरणारे सगळे बाण त्या एकाच गोलातून निघत होते. मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला त्या दिवशी दाबेली खिलवली.

म्हणून मी गच्चीवर गेले. दाराशी पाय ठेवते तोच आतून आवाज आला, ‘अचु पुट, वेहु.’ ये बाळ, बस. माझ्या हातात पाण्याचा ग्लास आला आणि पाठोपाठ जाळावर भाजलेला पापड. मी आपली प्रश्नांचा कागद काढायला लागले तर मासी म्हणाल्या, ‘पहले पापड-पानी. बात कहाँ भागी जा रही है?’ सिंधी घरात पाहुण्याला आधी पापड आणि पाणी देतात हे उल्हासनगरात कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. पण मासीकडे तो नुसता पाहुणचार नव्हता, नियम होता. पापड कडाडून मोडून तोंडात जाईपर्यंत कुणी कामाचं बोलायचं नाही. घाईत आलेला माणूसही तेवढा वेळ गप्प बसायचा आणि मग बोलायचा ते जरा शहाण्यासारखं बोलायचा.

ती गच्ची म्हणजे काही फार मोठी जागा नव्हती. काळ्या प्लास्टिकच्या टाक्या, डिशच्या छत्र्या, एका कोपऱ्यात फुटकी सायकल. मधल्या भागात खाटा टाकलेल्या, त्यांवर धुतलेल्या जुन्या साड्या आणि साड्यांवर पापड. पलीकडे उन्हात मलंगगड फिका निळा दिसायचा. तेल लावून कुटलेल्या पिठाचा लांब रूळ करून मासी दोऱ्यानं त्याच्या लाट्या कापायच्या. दोऱ्याचं एक टोक दातात, एक हातात, आणि टकाटक लाट्या पडायच्या. आमच्या घरीही लहानपणी लाट्या तेलात बुडवून खायचो, त्यामुळे माझा हात आपोआप तिकडे जायचा. मासी हातावर चापट मारायच्या आणि वर एक लाटी द्यायच्या. लाटणाऱ्या आठ-दहा जणी, निम्म्या सिंधी, निम्म्या आपल्या. शोभाताईंचा पापड थोडा कडेला जाड. मासीचा एवढा पातळ की आभाळाकडे धरला तर त्यातून मलंगगड दिसायचा. हे मी पुढे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, अहवालात लिहू नकोस, पुरावा मागतील.

पहिल्याच दिवशी मी एक चूक केली. लाटताना सहज म्हणून येताना पाहिलेल्या एका अपघाताची गोष्ट काढली. शोभाताईंनी मला असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशी दंड हिरवा पडला. ‘पापड चालू असताना वाईट बोलायचं नाही. लाल पडतो पापड.’ मला वाटलं, थट्टा असेल. नव्हती. पापड खाटांवरून उचलून डब्यात जाईपर्यंत त्या गच्चीवर मरण, आजार, भांडण, काहीही चालायचं नाही. एकदा एकीच्या दिराचं ऑपरेशन बिघडलं होतं. ती सकाळपासून लाटत होती, पाणी आणा, पीठ द्या एवढंच बोलत होती. संध्याकाळी पापड उचलले आणि ती भिंतीला टेकून रडायला लागली. मग कुणी काही न विचारता सगळ्याच तिच्याभोवती बसल्या. मी ते ‘स्थानिक समजूत’ म्हणून एका ओळीत टिपून ठेवलं. नकाशात त्या ओळीला जागा नव्हती.

मॅडमच्या ओळखीचे एक इंजिनिअर एकदा आमच्याबरोबर आले. हातात छोटी हातोडी. खांबांवर टक् टक् करत, कान लावत वर गेले. शोभाताईंच्या घरात छताचा एक पोपडा नुकताच पडला होता, त्यांच्या लेकीच्या, स्वातीच्या उशीपासून हातभर लांब. आतली सळई गंजून फुगली होती. ते खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ‘मॅडम, दर वर्षीची नोटीस वेगळी आणि हे वेगळं,’ ते म्हणाले. ‘ही बिल्डिंग हा पावसाळा काढणार नाही. कुणाला सांगायचं ते सांगा, पण लवकर सांगा.’

इथे आमच्या अभ्यासाचा अभ्यास राहिला नाही. मॅडम म्हणाल्या, ‘नोंदी गेल्या खड्ड्यात, आधी माणसं बाहेर काढायची.’ त्यांनी पालिकेत चकरा सुरू केल्या आणि मी दारोदार सांगितलं. अगदी सोप्या मराठीत, मोडक्या हिंदीत. सगळ्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि एकजात सगळ्यांनी एकच विचारलं, ‘मासी क्या बोलती है?’ शोभाताईंनीसुद्धा. पोपडा त्यांच्याच घरात पडला होता, तरी त्याही म्हणाल्या, ‘मासींच्या कानावर घातलंस का?’ माहिती सगळ्यांकडे होती. ती खरी व्हायची तेवढी बाकी होती.

मग मी मासीला सांगितलं. त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून लाट्या कापत होत्या. मी बोलत होते तोवर दोरा थांबला नाही. माझं संपल्यावर त्यांनी तो दातातून काढला आणि विचारलं, ‘बारिश में कितना टाइम है?’ मी म्हटलं, दोनतीन आठवडे, वळवाचा भरवसा नाही. ‘ठीक है,’ त्या म्हणाल्या आणि पुन्हा दोरा दातात धरला.

मी निर्धास्त घरी आले. ज्या गोलातून सगळे बाण निघतात त्या गोलात बातमी टाकली होती. उद्या सकाळी अख्खी गल्ली उठलेली असणार. मॅडमना फोन करून तसं सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी गल्ली तिच्या जागी होती. गच्चीवर तीच खाट, तीच थट्टा. कुणाच्या सुनेला चहा जमत नाही, कुणाच्या नवऱ्यानं केस रंगवले. तिसऱ्या दिवशी तेच. मी एकेकीला बाजूला घेऊन विचारलं, मासी काही बोलल्या का? नाही बाई, काय? मासी मात्र फोनवर होत्या. मध्येच उठून टाकीच्या आडोशाला जायच्या आणि झपाझप सिंधीत बोलायच्या. पीठ कुटायचं काम त्यांनी वरून हलवून खाली गल्लीत नेलं होतं, म्हणे गुडघे दुखतात. लाटायलाही सगळ्याजणी एकदम वर नकोत, थोड्या खाली गल्लीच्या सावलीत बसा, ऊन फार आहे, असं सांगितलं होतं. गच्चीवरचा भार आणि हादरे त्या कमी करतायत, हे मला तेव्हा दिसलं नाही. मला फक्त आभाळ दिसत होतं. मलंगगडाच्या माथ्यावर दुपारी ढग जमायला लागले होते.

एका दुपारी वावटळ आली. धूळ, पत्र्यांचा खडखडाट, साड्यांचे पदर उडालेले. सगळ्याजणी धावल्या, पापड गोळा करून खाली पळाल्या. चार टपोरे थेंब पडले आणि गेले. त्या थेंबांनी माझा धीर सुटला. मी मासीला जिन्यात गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. ‘तुम्हाला पापड मोठे की माणसं? स्वातीच्या डोक्यात पडलं असतं तर?’

मासी धापा टाकत होत्या. पायरीवर बसल्या, मलाही हात धरून बसवलं. ‘आज बोलूँगी तो आज सब उठेंगे,’ त्या म्हणाल्या. ‘कोई कल्याण, कोई बदलापूर, कोई बहन के घर. फिर ये सब एक जगह कब बैठेंगे? तू बता. तेरे सर्वे में है?’ मी मान हलवली, नाही. ‘मेरे को एक बार सिंध से सब छोड़ के उठाया था, पुट. मैं माँ की गोद में थी. माँ बोलती थी, चूल्हे पे दाल थी, वो भी उतारने नहीं दिया. इन लोगों को काम पूरा करके उठने दे. थोड़ा बचा है. उतना मेरे को दे दे.’

मी ते दिलं की नाही, मला सांगता येणार नाही. माझ्याकडे द्यायला काय होतं? मी ओरडून सांगितलं असतं तरी लोकांनी पुन्हा तेच विचारलं असतं. त्या दिवसांत मी सकाळी उठून आधी आभाळ बघायची. स्वातीला मी दुपारी माझ्या घरी अंबरनाथला घेऊन यायची, अभ्यासाचं निमित्त करून. ती बिचारी सुट्टीत कसला अभ्यास म्हणून वैतागायची.

शेवटचा पापड डब्यात गेला त्या दिवशी मासी उठल्या, पदराला हात पुसले आणि जिना उतरायला लागल्या. प्रत्येक दाराशी थांबायचं. हातात पापडाचं पुडकं द्यायचं, दर वर्षीसारखं. मग म्हणायचं, ‘अब घर खाली करो. इस बार सच में.’ एवढंच. कुणी वाद घातला नाही. कुणी नोटिशीचं नाव काढलं नाही. आणि मग कळलं, टाकीच्या आडोशाला फोनवर काय चाललं होतं ते. शोभाताईंसाठी विठ्ठलवाडीत अंगण असलेल्या चाळीत खोली बघून झाली होती. कुणाला भाच्याचा रिकामा फ्लॅट, कुणाला कुणाच्या जावयाचं दुकानावरचं घर. ज्याला जिथे जायचं तिथला पत्ता पुडक्याबरोबरच मिळाला. टेम्पो यायला लागले. मासी सगळ्यांत शेवटी निघाल्या, मुलाबरोबर बदलापूरला, आणि जाताना गच्चीला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली.

पावसात मागच्या बाजूचा जिना बसला. आत कुणी नव्हतं. उरलेली बिल्डिंग मग पालिकेनं पाडली. पेपरात दोन ओळी आल्या, ‘जीवितहानी नाही.’ त्या दोन शब्दांमागे किती माणसांचं काय काय असतं हे मला तेव्हापासून कळायला लागलं.

मॅडमनी अहवाल लिहिला. सूचना लोकांच्या भाषांत असाव्यात, स्थानिक महिला गटांना सोबत घ्यावं, वगैरे. तो चांगला अहवाल आहे, कुठल्या तरी कपाटात सुखात असेल. पण एकदा चहा पिताना त्या म्हणाल्या, ‘आपण सगळ्यांना विचारलं, बातमी कुणाकडून कळली. कुणी थांबवली, हे विचारलंच नाही. आपल्या नकाशात बाण काढायला जागा होती गं, थांबायला नव्हती.’ यावर आमचा वाद झाला, तो आजतागायत चालू आहे. माझं म्हणणं एकच. तो वळीव चार थेंबांवर न थांबता तासभर कोसळला असता तर? मग मासीला सगळ्यांनी काय म्हटलं असतं, आणि आम्ही तरी काय लिहिलं असतं? मॅडम म्हणतात, ते खरंच. आणि तरी त्यांचं मन मासीकडेच झुकतं. माझं मासीवर प्रेम होतं आणि मला त्यांचं ते वागणं पटलं नाही, दोन्ही एकदम. लोकांना वाटतं या दोन गोष्टी एका घरात राहत नाहीत. माझ्याकडे राहतात.

गच्ची गेली, पण खाटा गेल्या नाहीत. त्या विठ्ठलवाडीला शोभाताईंच्या अंगणात आल्या. दर मेमध्ये कुणी कल्याणहून, कुणी शहाडहून, मासी बदलापूरहून, अशा सगळ्या तिथे जमायला लागल्या. व्हॉट्सॲप ग्रुपही झाला, नाव ‘गच्ची’. त्यावर गुलाबाची फुलं, नातवंडांचे नाच, पापडांचे फोटो. वाईट बातमी त्या ग्रुपवर कधीच पडत नाही. ती असली तर माणूस घरी येतो. पापडाचं पुडकंही तसंच हातोहात फिरतं, कुरियरनं आलेलं मला आठवत नाही. पुडकं आलं की त्या घरात सगळं ठीक आहे असं मी धरून चालते.

यंदा सुरुवातीला ग्रुपवर फोटो आला होता. मासी प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर पोळपाट, बऱ्याच वाळलेल्या दिसत होत्या. मी खाली लाल बदाम टाकला आणि कामाला लागले. मग नुसते पापडांचेच फोटो येत राहिले. मेचा शेवट जवळ आला आणि पुडकं काही येईना.

परवा दुपारी बेल वाजली. दारात शोभाताई, घामाघूम, हातात कापडी पिशवी. त्या कधी न सांगता येत नाहीत.

‘अहो, फोन करायचा ना, मी आले असते घ्यायला.’

‘पाणी दे आधी,’ त्या म्हणाल्या. पंख्याखाली बसल्या. पिशवीतून पुडकं काढून माझ्यापुढे केलं. ‘गॅस लाव. एक भाज.’

मी भाजला. कडेला थोडा जाड होता. दोघींनी मोडून खाल्ला. खाऊन होईपर्यंत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग त्यांनी हात झटकले.

‘मासी गेल्या.’

‘कधी?’

‘मागच्या आठवड्यात. पापड निम्मे व्हायचे होते अजून.’ त्यांचा आवाज सरळ होता, खूप वेळ सरळ धरून ठेवल्यासारखा. ‘सुनेचा फोन आला. मासींनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे. पहले शोभा को बोलना. और पापड पूरे होने तक सिर्फ शोभा को. मी तशीच उठून बदलापूरला गेले. घरी सांगितलं, मार्केटला जाते. दुसऱ्या दिवशी लाटायला बसले.’

‘कसं जमलं तुम्हाला?’

‘नाही जमलं. दोनदा उठून मोरीत तोंड धुऊन आले. शेजारी लाटणारी पुष्पा म्हणाली, काय गं, मिरी गेली का डोळ्यात? म्हटलं, हो.’ त्या हसल्या आणि मग त्यांना रडू फुटलं. ‘तेव्हा त्या गच्चीवर ती बाई कशी बसली असेल गं एवढे दिवस? आम्ही समोर खिदळतोय, आणि तिला सगळं माहीत. मला तर एकच गोष्ट लपवायची होती.’

मला रडू आलं, पण त्याच्याआधी राग आला. ‘मला सांगायचं होतंत. मी बदलापूरला आले असते. शेवटचं बघितलं असतं.’

‘तुला सांगितलं असतं तर तू सगळ्यांना सांगितलं असतंस,’ शोभाताई डोळे पुसत म्हणाल्या. ‘तुझा धंदाच आहे तो.’

बातमी कुणापर्यंत कधी पोचते याचा हिशेब मांडत मी इतकी वर्षं हिंडले, आणि ही बातमी माझ्यापर्यंत पोचली ती आठवडाभर उशिरानं, एका पापडाच्या मागून. राग गेला नाही, अजूनही आहे. मला जायला हवं होतं. पण तो आठवडा मला मोकळा मिळाला होता, हेही खरं. त्या आठवड्यात मी पुडक्याची वाट पाहिली, आंबे आणले, एकदा मासीची आठवण काढून हसलेसुद्धा. माझ्या वाटचं ओझं तेवढे दिवस विठ्ठलवाडीला कुणीतरी उचलून धरलं होतं.

जाताना शोभाताईंनी पिशवीतून दुसरं पुडकं काढलं. ‘हे तुझ्या मॅडमना. त्यांना तू सांग, माझ्यानं आता होत नाही. वरचे दोन मासींच्या हातचे आहेत. जपून ठेवू नका म्हणावं, पोरकिडे होतात. खा.’

त्या गेल्यावर मी फोन उचलला. ‘मॅडम, लाजवंती मासी गेल्या’ एवढं लिहिलं. बोट बटणावर होतं. मॅडम आता एकट्या असतात, दुपारी झोपतात, उठल्यावर चष्मा लावून आधी फोन बघतात. मी ते पुसलं. पुडकं उघडून वरचा पापड खिडकीशी धरला. मलंगगड माझ्या घरातून दिसतो, टॉवरच्या फटीतून, बोटभर. पापडातूनही दिसला.

रिक्षानं पुलावरून पश्चिमेला जाताना पुडकं मांडीवर होतं. ढग आले होते, हवा कोंदली होती. रिक्षावाल्याला घाई नव्हती आणि मलाही नव्हती. तेवढ्या वाटेत ती बातमी फक्त माझ्याकडे होती. जड होती.

मॅडमनी दार उघडलं. ‘अगं, तू? फोन न करता? काय झालं?’

‘आधी पापड-पाणी, मॅडम,’ मी म्हटलं. ‘मग सांगते.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुडक्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन काही न विचारता गॅस पेटवला.